वजनाच्या ऑपरेशनचे अनुभव ऐकताना आणि सर्जन निवडताना

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. वय ३८, उंची १६१ सेंटीमीटर, वजन १०६ किलो, सहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू, आणि रात्री आडवं झालं की छातीत जळजळ. तुम्ही दोन सर्जनना दाखवलं. पहिल्यांनी दहा मिनिटांत "स्लीव्ह करून टाकू", म्हणजे जठर कापून लहान करू, म्हणून पुढच्या आठवड्याची तारीख दिली. दुसऱ्यांनी आधी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून आत बघायची तपासणी, करायला सांगितली, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, बहुधा बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) लागेल म्हणाले, आणि धोके इतके सविस्तर सांगितले की तुम्ही घाबरून घरी आलात. मग ऑपरेशन झालेल्या दोघींशी बोललात. एकीचं आठ महिन्यांत ३८ किलो वजन उतरलंय आणि ती सर्जनला देव मानते. दुसरीला चार वर्षं झाली, बरंचसं वजन परत आलंय, आणि ती म्हणते, "डॉक्टर आता मला ओळखतही नाहीत." खरं कुणाचं मानू, असं तुम्ही विचारलंय.

दोघींचंही खरं आहे. इतकंच काय, हे दोन्ही अनुभव एकाच बाईचे असू शकतात, मधे फक्त तीन-सव्वातीन वर्षं गेलेली असतील. मी एकोणीस वर्षं ही ऑपरेशनं करतोय आणि माझ्याच ओपीडीत हे पाहिलंय. आठव्या महिन्यात दारातूनच हसत आत येणारी बाई चौथ्या वर्षी अपॉइंटमेंट घेते आणि तीनदा रद्द करते. म्हणून कुणाचाही अनुभव ऐकताना मी पहिल्यांदा तारीख विचारतो. ऑपरेशनला किती महिने झाले? दुसरा प्रश्न, नेमकं कोणतं ऑपरेशन? तिसरा, सुरुवातीचं वजन किती होतं आणि सोबत कोणते आजार होते? ही तीन उत्तरं नसतील तर त्या अनुभवातून तुमच्यासाठी फारसं काही हाती लागत नाही.

तारखेला मी एवढं महत्त्व का देतो ते सांगतो. पहिलं वर्ष-दीड वर्ष शरीर तुमच्या बाजूने असतं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, मुख्यतः त्याच भागात तयार होतं, त्यामुळे जागाही कमी होते आणि भूकही मंदावते. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा, साधारण ३० मिलिलिटरचा कप्पा वेगळा करून त्याला थेट लहान आतडं जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं आणि पोट भरल्याचे आतड्याकडून मेंदूला जाणारे निरोप जोरात जाऊ लागतात. या काळात पेशंट म्हणतात, "डॉक्टर, जेवायची आठवणच होत नाही." हे त्यांच्या निग्रहामुळे होत नसतं, शरीर करत असतं. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात भूक हळूहळू जागी होते, दोन घास जास्त जातात, आणि वजनाचा काटा थांबतो किंवा थोडा वर सरकतो.

स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या हजारो माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. बायपास झालेल्यांचं पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या सरासरी ३२ टक्के वजन उतरलं होतं. दहा वर्षांनी तो आकडा २५ टक्क्यांवर स्थिरावला. तुमच्या वजनाला हे लावून बघा. १०६ चे आधी साधारण ७२, आणि दहा वर्षांनी ८० च्या आसपास. हे सात-आठ किलो परत येणं अपेक्षितच आहे. ज्यांना आधी कुणी हे सांगितलेलं नसतं, त्यांना ते आपलं अपयश वाटतं. याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यूचं प्रमाणही कमी निघालं. सात किलो परत आलेली बाई हरलेली नाही, असं मी म्हणतो ते याच आधारावर.

आकड्यांची गोष्ट निघालीच आहे तर एक गल्लत दूर करतो, कारण पेशंट आणि सर्जन यांच्यातल्या कडवटपणाचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. सर्जन म्हणतो, "७० टक्के वजन उतरेल." पेशंट ऐकते, १०६ पैकी ७४ किलो. सर्जनच्या डोक्यात असतं जादाचं वजन. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, आणि २५ ही त्यातली नेहमीची वरची मर्यादा. तुमच्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे सुमारे ६५ किलो. म्हणजे जादाचं वजन ४१ किलो, आणि त्याचे ७० टक्के सुमारे २९ किलो. १०६ वरून ७७. मधुमेह आणि गुडघ्यांच्या दृष्टीने हा उत्तम निकाल आहे, पण मनात ६० धरून बसलेल्या माणसाला तो फसवणूक वाटतो. कुणीही टक्के सांगितले की लगेच विचारा, "कशाचे टक्के? मला किलोत सांगा, आणि पाचव्या वर्षाचं सांगा." जो सर्जन हे कागदावर लिहून देतो, त्याच्याबद्दल माझं मत तिथेच अर्धं चांगलं होतं.

आता सर्जनकडे येतो. तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच दिसतो. ऑपरेशननंतर मी अडचणीत आले तर हा माणूस माझ्यासाठी उभा राहील का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. पहिल्या सर्जननी धीर दिला म्हणून ते बरे वाटले आणि दुसऱ्यांनी घाबरवलं म्हणून नकोसे वाटले, हे स्वाभाविक आहे. पण दहा मिनिटांत मिळालेला धीर टाके निघेपर्यंतच पुरतो. पुढे काय लागतं ते मी माझ्या एका चुकीवरून सांगतो.

सराव सुरू करून मला चार-पाच वर्षं झाली होती. एका शिक्षिकेची स्लीव्ह केली. ऑपरेशन छान झालं, तिसऱ्या दिवशी घरी गेली. पाचव्या आठवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या. तिने फोन केला. माझ्या सहायकाने सांगितलं, "घोट घोट प्या, घाई करू नका." चार दिवसांनी परत फोन, परत तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच. माझ्यापर्यंत निरोप आला तो एवढाच, की त्यांना थोडी मळमळ आहे. आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं. बाराव्या दिवशी नवरा तिला घेऊन आला. दारातून टेबलापर्यंतच्या पाच-सहा पावलांत ती दोनदा भिंतीला धरून थांबली. मी तिला माझ्या बोटाकडे बघायला सांगितलं, तर डोळे बोटावर ठरेनात, बाजूला झटके देत होते. ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपलं होतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो. सतत उलट्या आणि खाणं जवळपास बंद, अशा स्थितीत तो झपाट्याने संपतो आणि मेंदूला इजा होते.

अशा पेशंटला अशक्तपणा आहे म्हणून आधी ग्लुकोजचं सलाईन लावलं तर परिस्थिती आणखी बिघडते. थायमिन आधी शिरेतून द्यावं लागतं. सुदैवाने तेवढं भान मला राहिलं. नंतर एंडोस्कोपीत स्लीव्ह मधोमध अरुंद झालेली सापडली, फुग्याने ती रुंद केली आणि उलट्या थांबल्या. डोळे काही दिवसांत ताळ्यावर आले, चाल सुधारायला कित्येक महिने लागले, आणि तळपायांचा बधिरपणा तिला अजून आहे. माझे टाके आणि माझे स्टेपल, म्हणजे कापलेलं जठर बंद करणाऱ्या पिना, उत्तम होते. चुकला तो माझा फोन. ती अजूनही तपासणीला येते, आणि तिच्यासमोर बसताना माझ्या मनातून ते बारा दिवस जात नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. ऑपरेशननंतर दोन दिवसांपेक्षा जास्त उलट्या होत असतील, तर फोनवर सल्ला द्यायचा नाही, त्याच दिवशी बोलवायचं. म्हणून सर्जन निवडताना मी विचारायला सांगतो: "रात्री अकरा वाजता मला त्रास झाला तर फोन कोण उचलेल? त्यांना माझ्या ऑपरेशनची माहिती असेल का? ते मला बोलावतील, की जवळच्या दवाखान्यात जा म्हणतील?" उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा. ज्याच्याकडे व्यवस्था आहे तो नाव आणि नंबर सांगतो. ज्याच्याकडे नाही तो म्हणतो, "असं काही होत नाही, काळजी करू नका."

होतं. कमी होतं, पण होतं. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या नोंदीत सुमारे पावणेपाच हजार पेशंट होते, आणि पहिल्या ३० दिवसांत मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के होतं. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनसाठी हा आकडा दिलासा देणारा आहे. स्टेपलच्या रेषेतून गळती, म्हणजे लीक, रक्तस्राव, पायातल्या शिरेतली गुठळी फुफ्फुसात जाणं, हे मुख्य धोके. यात सर्जनच्या हाताचा फरक पडतो का? पडतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वीस सर्जननी आपापल्या बायपासच्या चित्रफिती दिल्या आणि इतर सर्जननी, हात कुणाचा हे न कळता, त्यांना गुण दिले. २०१३ साली निष्कर्ष आले. सर्वात कमी गुण मिळालेल्या पाव हिश्श्यातल्या सर्जनांच्या पेशंटमध्ये गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के होतं, सर्वात वरच्या पाव हिश्श्यात ५.२ टक्के. पेशंटला चित्रफीत बघून यातलं काही कळणार नाही हे मान्य आहे. पण "अशी किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः केलीत, दरवर्षी किती करता, आणि माझ्या वेळी मुख्य भाग तुम्हीच करणार का" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही.

आणखी एक प्रश्न आहे, तो बहुतेक पेशंट संकोचाने विचारत नाहीत. "तुमच्या शेवटच्या लीक झालेल्या पेशंटचं काय झालं?" पुष्कळ ऑपरेशनं केलेल्या माणसाकडे याचं उत्तर असतंच. तो सांगेल, कोणत्या दिवशी लक्षात आलं, कशावरून संशय आला, किती दिवस आयसीयूत होते, आता कसे आहेत. माझ्या शेवटच्या लीकच्या पेशंटचं पोट मऊ होतं, ताप नव्हता, फक्त नाडी १२४ होती आणि ती म्हणत होती, "काहीतरी बरोबर नाही." तेवढ्यावर आम्ही सीटी केला. सुरुवातीच्या दिवसांत १२० च्या वर टिकून राहिलेली नाडी ही बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी धोक्याची खूण मानायची असते. "आमच्याकडे कधी लीक झालाच नाही" हे वाक्य मला घाबरवतं. एकतर ऑपरेशनं फार थोडी झालेली असतात, किंवा लीक झालेले पेशंट दुसरीकडे गेलेले असतात.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर अनुभव ऐकताना तारीख, ऑपरेशनचा प्रकार आणि सुरुवातीची स्थिती विचारायची. टक्के किलोत बदलून घ्यायचे. आणि सर्जनला त्याच्या वाईट दिवसांबद्दल विचारायचं. आता राहिला तुमच्या ओळखीतल्या दुसऱ्या बाईंचा मुद्दा, की डॉक्टर ओळखत नाहीत. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली ही सर्वात महत्त्वाची ओळ आहे.

माझ्या ओपीडीच्या बाहेरच्या भिंतीवर बरीच वर्षं फोटो होते. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी. पेशंटनी आनंदाने दिलेले. एकदा एक बाई चार वर्षांनी आल्या, मधली दोन वर्षं गायब होत्या. काट्यावर चढण्याआधी त्यांनी चपला काढल्या, घड्याळ काढलं, मग चष्माही काढून टेबलावर ठेवला. चष्म्याचं वजन ते कितीसं असणार! त्यांचं १९ किलो परत आलं होतं. खुर्चीत बसल्यावर म्हणाल्या, "मी आत येतच नव्हते. त्या भिंतीवर माझाही फोटो आहे." त्याच आठवड्यात मी सगळे फोटो उतरवले. ज्यांना माझी गरज सर्वात जास्त होती, त्यांनाच ती भिंत ओलांडता येत नव्हती, आणि मला वाटत होतं की ते पेशंट बरे झाले म्हणून येत नाहीत.

म्हणून सर्जनला हेही विचारा: "पाच वर्षांपूर्वी ज्यांचं ऑपरेशन केलंत, त्यातले आज किती जण तुमच्याकडे तपासणीला येतात?" आकडा मोठा असेलच असं नाही. जगभर सगळीकडे हे पेशंट फॉलो-अपमधून गळतात, माझ्याकडेही गळतात. पण न आलेल्यांना कुणी फोन करतं का, हे कळलं पाहिजे. वजन परत आलेल्या पेशंटशी तो कसा बोलतो, हे त्याच्या जुन्या पेशंटकडून काढून घ्या. "तुम्हीच पथ्य पाळलं नाही" एवढंच उत्तर मिळत असेल तर सावध राहा. वजन परत येण्याला खाण्याखेरीज बरीच कारणं असतात. नैराश्य, मधुमेहाची किंवा मानसिक आजाराची काही औषधं, झोपेतला श्वसनाचा त्रास, स्लीव्ह सैल होणं, आणि सर्वात मोठं कारण म्हणजे स्थूलता हा मुळातच परतून येणारा जुनाट आजार आहे. रक्तदाबाचा आकडा वाढला म्हणून आपण पेशंटला ओरडत नाही, औषध बदलतो. इथेही तेच करायचं असतं. आता वजन कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही हाताशी आहेत, ऑपरेशननंतर परत वाढलेल्या वजनासाठी मी ती वापरतो. ती बंद केली की वजन बहुतेकांचं परत चढतं, हेही आधीच सांगतो.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत काय? इथे मी हात आखडता घेणार आहे, कारण न तपासता ऑपरेशनचा प्रकार सांगणं चुकीचं ठरेल. पात्रतेचा प्रश्न तुमच्या बाबतीत नाही. १९९१ च्या जुन्या निकषांत बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत आजार, अशी मर्यादा होती. २०२२ मध्ये ती खाली आणली गेली, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असं म्हटलं गेलं. तुमचा बीएमआय ४१ आहे. कुठल्याही निकषात तुम्ही बसता.

पण तुम्ही लिहिलेली रात्रीची जळजळ मला थांबायला लावते. स्लीव्हने जठराची लांबट, अरुंद नळी होते, आतला दाब वाढतो, आणि आम्ल वर येण्याचा त्रास वाढू शकतो. स्वित्झर्लंडमधल्या एका चाचणीत, जिचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली आले, स्लीव्ह आणि बायपासमध्ये वजन उतरण्यात मोठा फरक दिसला नाही. फरक दिसला तो इथे. जळजळीचा त्रास स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के लोकांत वाढला, बायपासनंतर ६ टक्क्यांत. म्हणून दुसऱ्या सर्जननी एंडोस्कोपी मागितली आणि बायपासचं नाव घेतलं, त्यामागे मला तरी घाबरवण्याचा हेतू दिसत नाही. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज किंवा मोठा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला, दिसला तर मी स्वतः तुमची स्लीव्ह करणार नाही. काहीच दिसलं नाही आणि जळजळ फक्त उशिरा जेवण्यामुळे होत असली, तर चर्चा खुली आहे.

मधुमेहाचंही बघू. अमेरिकेतल्या १५० पेशंटच्या एका चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६ किंवा त्याखाली असणारे फक्त औषधं घेणाऱ्यांत ५ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि बायपासनंतर २९ टक्के होते. मधुमेह जितका नवा, तितका फायदा जास्त. तुमची सहा वर्षं आणि गोळ्यांवर असणं ही जमेची बाजू आहे. तरीही "मधुमेह कायमचा जाईल" असं मी कुणाला सांगत नाही. गोळ्या कमी होतात, बऱ्याचदा बंद होतात, आणि काहींच्या काही वर्षांनी परत सुरू होतात. मधली चांगली वर्षं मूत्रपिंडाला आणि डोळ्यांना मिळालेली असतात, त्यांची किंमत मोठी आहे.

बायपासची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. जीवनसत्त्वं आणि खनिजं आयुष्यभर घ्यावी लागतात: ब१२, लोह, कॅल्शियम, ड. स्लीव्हनंतरही ती लागतात, बायपासनंतर चुकवून चालतच नाही. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि धूम्रपान टाळायचं, नाहीतर जोडावर अल्सर होतो. गोड खाल्ल्यावर धडधड, घाम, जुलाब होऊ शकतात, आणि काहींची साखर जेवणानंतर एक ते तीन तासांत एकदम खाली जाते, हे कधी कधी ऑपरेशननंतर वर्षं लोटल्यावर सुरू होतं. दारूचा अंमल पटकन चढतो, आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढतो. आधीपासून सवय असेल तर सर्जनपासून लपवू नका. आणि वर्षांनंतरही पोटात पिळवटून येणारी कळ, येते-जाते, जेवल्यावर वाढते, अशी असेल तर गॅस म्हणून सोडून देऊ नका. आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं, आणि अशा वेळी सीटी स्कॅनही निर्धोक दिसू शकतो. बायपास झालाय, हे त्या वेळी समोरच्या डॉक्टरला तुम्ही स्वतः ओरडून सांगितलं पाहिजे.

बाकी त्रास पटकन सांगतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठभर गळतात, प्रथिनं आणि लोह नीट घेतलं तर परत येतात. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी काही महिने गोळ्या देतात. कातडी लोंबते आणि व्यायामाने ती पूर्ण आवळत नाही. मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायचं, आणि वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता अचानक वाढते, म्हणून संततिनियमनाचं आधीच ठरवायचं. तुमचं वय ३८ आहे, तेव्हा मूल हवंय की नाही हे सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा. सगळं वेळापत्रक त्यावर हलतं.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं याचं तुम्हाला वाईट वाटलेलं दिसतंय. "मी काय वेडी आहे का" असं तुम्ही लिहिलंय. अजिबात नाही. ती भेट तुम्हाला नापास करायला नसते. खूप जणांसाठी खाणं हा दिवसाचा एकमेव विसावा असतो, आणि आम्ही तो एका सकाळी काढून घेतो. त्या जागी काय येणार, याचा विचार कुणीतरी तुमच्यासोबत आधी करायला हवा. ऑपरेशननंतर नैराश्य वाढलेले, स्वतःला इजा करून घेण्यापर्यंत गेलेले पेशंटही असतात. घरातली नातीही हलतात. नवरा जपतो, नाहीतर बिथरतो. मैत्रिणी कौतुक करतात, मग प्रत्येक घासाकडे बघायला लागतात. हे आधी कुणी बोललेलं असलं की पेशंट वेळेवर मदत मागतात.

आता तुम्ही करायचं ते एवढंच. पुढच्या आठवड्याची तारीख पुढे ढकला. वजन आणि मधुमेह हे काही आठवड्यांत जिवावर बेतणारे प्रश्न नाहीत, आणि तो वेळ ऑपरेशनआधीच्या, यकृत लहान करणाऱ्या आहारासाठी तसाही लागतो. एंडोस्कोपी करून घ्या. तो रिपोर्ट घेऊन दोघांकडेही परत जा, पहिल्यांकडेसुद्धा. दहा मिनिटांची पहिली भेट घाईच्या दिवशी झाली असेल, माणसाला एक संधी द्यायला हरकत नाही. वर लिहिलेले प्रश्न कागदावर उतरवून न्या आणि घरातलं कुणीतरी सोबत ठेवा, उत्तरं त्यांना लिहून घ्यायला सांगा. "कोणत्या परिस्थितीत तुम्ही माझं ऑपरेशन करायला नकार द्याल?" हा प्रश्न शेवटी विचारा. ज्याला नकार देता येतो, त्याच्या होकारावर विसंबता येतं. गुंतागुंत झाली तर पुढचा खर्च कुणी करायचा, हे लेखी घ्या.

आणि ज्या बाईंना चार वर्षं झाली, त्यांना माझा एक निरोप द्या. वजन परत आलं म्हणून सगळं संपलेलं नाही. औषधं आहेत, आहाराची नवी घडी बसवता येते, एंडोस्कोपी किंवा बेरियमच्या एक्स-रेने आत काय बदललंय ते बघता येतं, आणि गरज पडली तर दुसरं ऑपरेशनही करता येतं. त्या जुन्या सर्जनकडे जायला मन होत नसेल तर दुसरीकडे जावं, पण जावं. ब१२, लोह आणि ड जीवनसत्त्व त्यांनी शेवटचं कधी तपासलं ते विचारा. मला भीती आहे की दोन-तीन वर्षांत तपासलंच नसेल. हातापायाला मुंग्या येत असतील तर हे काम याच आठवड्याचं आहे. तुम्ही एंडोस्कोपीला जाल त्या दिवशी त्यांनाही रक्त तपासायला सोबत नेता आलं, तर न्या.